कोपरा फाडलेली कार्डं

मच्छिंद्र येळवंडे यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते सायकलच्या कॅरिअरवर गोणपाटात गुंडाळलेला बर्फ बांधून दिल्ली गेटकडून येत होते. एप्रिल महिना होता, साल १९९६. बर्फाच्या पाण्याची रेघ त्यांच्यामागे रस्त्यावर उमटत होती. मी आणि माझी मुलगी रश्मी एका पॅथॉलॉजी लॅबच्या पायरीवर त्यांचीच वाट पाहत थांबलो होतो, पण हेच ते, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, शेजारच्या रसवंतीचा माणूस असेल.

बर्फ लॅबसाठीच होता. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा तपासायचा तर तो आधी मेणात बसवतात. त्या मेणाच्या वडीला ब्लॉक म्हणतात. मुलांच्या खोडरबराएवढी असते. मग मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर तिचे काप काढतात, इतके पातळ की दोनशे काप एकावर एक ठेवले तरी एक मिलिमीटर भरत नाही. नगरच्या उन्हाळ्यात मेण मऊ पडतं आणि काप चुरगळतो. म्हणून मार्चपासून जूनपर्यंत मच्छिंद्रभाऊ रोज सकाळी बर्फ आणत, त्यावर ब्लॉक पालथे मांडत आणि ऊन चढायच्या आत काम उरकत. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. सोनईहून मॅट्रिक होऊन आले ते बाटल्या धुवायला लागले, आणि जुना तंत्रज्ञ निवृत्त झाल्यावर त्याच्या स्टुलावर बसले. कोणता कोर्स नाही, प्रमाणपत्र नाही. पण पुण्याच्या लोकांनी त्यांचे काप पाहिले तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला की हा माणूस कुठे शिकला.

रश्मी तेव्हा पुण्यात एका संशोधन संस्थेत पीएच.डी. करत होती. तिला तोंडाच्या कॅन्सरचे जुने ब्लॉक हवे होते. आपल्या भागात मिसरी लावणाऱ्या बायका पुष्कळ, तंबाखू खाणारे पुरुषही पुष्कळ, त्यामुळे ब्लॉक लागतील तेवढे होते. मुलगी अनोळखी ठिकाणी एकटी जाणार म्हणून मी सोबत गेले होते. तिला ते आवडलं नव्हतं.

लॅबच्या डॉक्टरांनी परवानगी आधीच दिली होती. त्यांनी मच्छिंद्रभाऊंना बोलावलं आणि या ताईंना हवं ते दाखवा म्हणून सांगितलं. मागच्या खोलीत लाकडी खणांमध्ये वर्षवार ब्लॉक रचलेले होते. प्रत्येकाच्या बाजूला शिसपेन्सिलीने नंबर: १८/९१, ७६/९२. नावं वेगळ्या रजिस्टरमध्ये. रश्मीने विचारलं की ब्लॉकवर नाव का नाही, चुकत नाही का. तेव्हा ते म्हणाले की नाव वाचलं की हात हलतो. कापून होईपर्यंत रजिस्टर उघडायचं नाही, हा त्यांचा नियम होता.

तो एकदाच मोडला होता, आणि तोही त्यांच्या इलाजाबाहेर. २१२/९३ हा ब्लॉक त्यांच्या बायकोचा, बनाबाईंचा होता. डाव्या गालाच्या आत गाठ आली होती. डॉक्टरांनी तुकडा पुण्याला पाठवतो म्हणून सांगितलं. मच्छिंद्रभाऊ म्हणाले, मीच कापतो, पुण्यात कुणाच्या हातात जाईल काय माहीत. हे त्यांनी आम्हाला त्या दिवशी सांगितलं नाही. रश्मी यादी करत होती, त्या नंबरापाशी आली तेव्हा एवढंच म्हणाले की हा पण घ्या, हा चांगला बसलेला ब्लॉक आहे.

पुढे वर्षभर रश्मी दर महिन्याला नगरला येत राहिली. आम्ही सावेडीच्या नव्या कॉलनीत, ते सावेडीच्याच जुन्या गावठाणात, त्यामुळे काप बसवलेल्या काचेच्या पट्ट्यांची पेटी तिने लॅबमध्ये जाऊन आणण्याऐवजी तेच संध्याकाळी घरी आणून देत. मला वहिनी म्हणत, रश्मीला ताई. ती त्यांना काका म्हणू लागली. चहा घेताना त्यांनी एकदा तिला विचारलं की या तुकड्यांत तुम्ही नेमकं काय शोधता.

तिने सांगितलं ते मीही ऐकत होते. पेशी वाढते, आतला मजकूर दुप्पट करते आणि फुटून तिच्या दोन होतात. हे चक्र चालूच असतं, पण त्यात एका जागी थांबून परवानगी घ्यावी लागते. परवानगी देणारं एक प्रथिन आहे, त्याला सायक्लिन डी-वन म्हणतात. काही गाठींमध्ये ते गरजेपेक्षा फार जास्त तयार होतं. कापाला विशिष्ट रसायन लावलं की जिथे ते जास्त आहे तिथे तपकिरी रंग चढतो.

मच्छिंद्रभाऊंनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे साखर कारखान्याच्या गेटवरचा टोकनवाला. उसाच्या गाड्या तो एकेक करून आत सोडतो. त्यानं मूठभर टोकनं एकदम वाटली तर आत सगळा चक्का जाम."

रश्मीने ते वहीत लिहून घेतलं. मग दुसरी गोष्ट सांगितली. हे प्रथिन बनवण्याची सूचना ज्या जनुकात असते, त्यात एका जागी काही माणसांना एक अक्षर असतं आणि काहींना दुसरं. तो रोग नव्हे. जन्मापासून असतं, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. दुसरं अक्षर असलं तर तयार होणारं काही प्रथिन लवकर झिजत नाही, असा अंदाज होता.

"दिलेलं टोकन परत घ्यायचंच राहातं," ते म्हणाले.

ती हो म्हणाली. प्रश्न असा होता की ज्यांच्या गाठीचा रंग गडद, किंवा ज्यांचं अक्षर दुसरं, ती माणसं ऑपरेशननंतर कमी वर्षं जगतात का. उत्तर काहीही आलं तरी त्यावरून कुणाचा उपचार बदलणार नव्हता. अजून तेवढी खात्री कुठेच कुणाला नव्हती. हे रश्मीने त्यांना स्पष्ट सांगितलं. ते मान हलवत राहिले. पण रंग कसा असतो ते त्यांना पाहायचं होतं. रंगवलेल्या पट्ट्या तपासणीसाठी नगरला येत, तेव्हा डॉक्टर घरी गेल्यावर ते एकेक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बघत. नंबर आणि रंग त्यांच्या डोक्यात राहात. २१२/९३ गडद होती. भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखा रंग, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या वेळी कुणालाच सांगितलं नाही.

आता माणसं जिवंत आहेत की नाहीत हे शोधायचं होतं. एकशे अठरा पत्ते होते, बरेचसे खेड्यांतले. जून १९९७ मध्ये संस्थेने सगळ्यांना जोडकार्डं पाठवली. दोन पोस्टकार्डं एकमेकांना जोडलेली असतात. एकावर आपला मजकूर, दुसरं वेगळं करून समोरच्याने उत्तर लिहून टाकायचं. उत्तराच्या कार्डावर तीन चौकोन छापले होते: प्रकृती चांगली आहे, त्रास आहे, पुन्हा गाठ आली आहे. मृत्यूचा चौथा चौकोन रश्मीच्या सरांनी मुद्दाम ठेवला नव्हता. कार्ड रोग्याच्याच हातात पडणार, त्याने तो शब्द वाचावा कशाला, असं ते म्हणाले. मला ते पटलं होतं. मी रश्मीला म्हटलंही की तुमचे सर माणूस म्हणून चांगले दिसतात.

चौऱ्याण्णव कार्डं परत आली. ती पुण्याला येत, आणि रश्मी त्यांची नोंद करत असे. ज्यावर कुणी स्पष्ट लिहिलं होतं की अमुक तारखेला वारले, ती नऊ माणसं मृत. बाकी कार्ड परत आलं म्हणजे माणूस जिवंत; चौकोनात खूण नसली तरी खाली सही नाहीतर अंगठा आहे, म्हणजे कार्ड पोचलं, तक्रार काही नाही. असा नियम ठरला होता. हिशेब मांडला तर गडद रंगाचे आणि फिक्या रंगाचे यांच्यात फरक निघाला नाही. अक्षराचाही काही संबंध दिसेना. जानेवारीत एका परिषदेत हे मांडायचं ठरलं.

दिवाळीला रश्मी घरी आली तेव्हा मच्छिंद्रभाऊ फराळाला आले होते. तिने त्यांना सहज सांगितलं की काका, रंगाने फरक पडत नाही असं दिसतंय. त्यांनी हातातली करंजी बशीत ठेवली. पुन्हा सांगा म्हणाले. तिने पुन्हा सांगितलं. मग त्यांनी २१२/९३ चं सांगितलं, पहिल्यांदाच, आणि हसले. घरी जाताना बनाबाईंसाठी चिवडा मागून नेला. एरवी दिलेलंही घ्यायला ते संकोच करत.

कार्डांचं खोकं रश्मीने सोबत आणलं होतं. पत्ते आणि नंबर नगरच्या रजिस्टरशी एकदा ताडून बघायचे होते. भाऊबीजेनंतरच्या रविवारी दुपारी मच्छिंद्रभाऊ रजिस्टर घेऊन आले आणि दोघं व्हरांड्यात सतरंजीवर बसली. ती नंबर वाची, ते रजिस्टरमध्ये बघत आणि कार्ड हातात घेऊन गाव जुळतंय का ते पाहत. मी आत शेव झाऱ्याने काढत होते. सुरुवातीला त्यांचा आवाज ऐकू येत होता. हा सोनईचा माझ्या वर्गातला, ही पाथर्डीची, हिचं जावयानं लिहिलंय. मग त्यांचा आवाज थांबला. फक्त रश्मीचा नंबर आणि त्यांचं हां, एवढंच.

बाहेर आले तेव्हा त्यांनी काही कार्डं बाजूला काढून ठेवली होती. रश्मीने विचारलं, ही वेगळी का. ते म्हणाले, काही नाही, आणि ती पुन्हा खोक्यात मिसळून टाकली. चहा अर्धा ठेवून गेले. त्यांचं पोट बिघडलं असावं असं मला वाटलं.

तीन दिवस ते आले नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी, लॅबला जायच्या आधी आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. खोकं मागितलं, त्यातून एक कार्ड काढून रश्मीच्या हातात दिलं.

"ताई, याचा कोपरा बघा."

कोपरा फाटलेला होता. रश्मी म्हणाली की हो, जोडकार्ड वेगळं करताना बऱ्याच जणांनी फाडलेत, छिद्रं नीट नव्हती.

"छिद्रं या बाजूला हायेत. कोपरा त्या बाजूचा हाय." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा तिला."

मी कार्ड घेतलं आणि लगेच समजलं. मयताची बातमी कार्डावर कळवायची तर त्याचा एक कोपरा फाडून पाठवायचा, ही रीत मला लहानपणापासून माहीत होती. असं कार्ड आलं की आई ते दारातच वाची आणि तिथेच फाडून टाकी. घरात ठेवत नसे. या घरांमध्ये जोडकार्ड पोचलं होतं, त्यावर गेलेल्या माणसाचं नाव होतं, प्रकृती कशी आहे असं विचारलं होतं, आणि उत्तराला जागा नव्हती. तेव्हा त्यांनी सही केली, कोपरा फाडला आणि कार्ड पेटीत टाकलं. त्यांच्या दृष्टीने उत्तर पूर्ण होतं. रश्मीला हे कुणी सांगितलेलं नव्हतं. तिला समज आली तेव्हा आमच्याकडे फोन होता, आणि वाईट बातम्या फोनवर येत.

खोकं नऊ दिवस माझ्या घरात, पुस्तकांच्या कपाटावर होतं. मुलीच्या कामाला हात लावू नये म्हणून मी ते उघडलं नव्हतं. उघडलं असतं तर पहिल्या कार्डाला कळलं असतं.

अशी किती आहेत, रश्मीने विचारलं. ते म्हणाले, एकतीस. त्यातली गडद किती हे तिने विचारलं नाही. ती तक्ता आणायला आत गेली. ती येईपर्यंत ते दाराच्या चौकटीला हात लावून उभे होते. मला म्हणाले, "एकवीस." त्यांना तक्ता लागत नव्हता.

त्या तीन दिवसांत काय झालं ते त्यांनी मला पुष्कळ नंतर सांगितलं. रविवारीच त्यांच्या लक्षात आलं होतं. कार्डं मिसळून ठेवली तेव्हा मनाशी ठरवलं होतं की बोलायचं नाही. यात कुणाचं नुकसान नाही, मेलेली माणसं कागदावर जिवंत राहिली तर कुणाचं काय जातं, आणि रंगाने फरक पडत नाही हे छापून आलं तर ते खरंच राहील, असं काहीतरी. बुधवारी जेवताना बनाबाईंनी विचारलं की तुम्ही रविवारपासून माझ्या तोंडाकडं का बघताय, पुन्हा आलंय का काय. तेव्हा त्यांना सगळं सांगावं लागलं: रंगाचं, कार्डांचं, आणि रंग गडद म्हणजे काय तेही.

बनाबाई शाळेत गेलेल्या नव्हत्या, पण ऐकून घेत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "मंग माझ्यापाय तुमी त्या बायांना जित्या ठिवता व्हय? त्यांच्या घरच्यांनी कळवलं आन् तुमी दाबून ठिवलं?"

ते म्हणाले, "तसं न्हाई."

"तसंच हाय. उद्या जा आन् सांगा त्या पोरीला. माझं काय व्हायचं ते माझ्या गालात हाय, कार्डात न्हाई."

रश्मी त्या दिवशी संध्याकाळच्या गाडीने पुण्याला गेली. तिच्या सरांनी कार्डं एकेक करून पाहिली. मग म्हणाले की माझी आजी अशी कार्डं चुलीत टाकायची. परिषदेतून निबंध मागे घेतला. पण फाटलेला कोपरा म्हणजे पुरावा नव्हे. पोस्टात फाटू शकतो, उंदीर कुरतडू शकतो. एकतीस घरी कुणीतरी जाऊन विचारायला हवं होतं.

मच्छिंद्रभाऊ म्हणाले, मी जातो. रविवार आणि सुट्ट्या धरून त्यांना नऊ आठवडे लागले. एस.टी.ने जाऊन पुढे चालत, कधी कुणाच्या सायकलवर. रश्मी जमेल तेव्हा पुण्याहून येऊन सोबत जाई, आणि ती असली की मीही जाई. आडगावी उन्हातान्हात दोघांनी फिरायचं आणि मी घरी घड्याळ बघत बसायचं, त्यापेक्षा ते बरं. दारात गेल्यावर ते कधी थेट विचारत नसत. आधी पाणी मागत. मग भिंतीवरचे फोटो पाहत. हार घातलेला फोटो दिसला की चप्पल काढून आत जात, गेलेल्या माणसाची तारीख, तिथी विचारून घेत, आणि तुमचं कार्ड पोचलं, एवढंच सांगत. लोकांना ते पुरेसं वाटे. एका घरी म्हातारा म्हणाला की पोचलं होतं तर सहा महिने कुणी काही बोललं कसं नाही. मच्छिंद्रभाऊ म्हणाले, चुकलं आमचं. रश्मी मागे उभी होती.

शेवटचं गाव राहाता होतं. रंगुबाई नावाच्या बाईचा पत्ता, बाजारतळामागे. अंगणात एक म्हातारी मेथी निवडत बसली होती, उजवा गाल आत ओढलेला. मच्छिंद्रभाऊंनी पाणी मागितलं. भिंतीवर हाराचा फोटो एका पुरुषाचा होता. त्यांनी विचारलं, रंगुबाई कुठं असतात.

"मीच. का, इलेक्शन आलं का?"

कार्ड रश्मीच्या हातात होतं, ते तिने पुढे केलं आणि हे तुम्हीच पाठवलं का म्हणून विचारलं. कोपरा बघून दारातली सून हसायला लागली. "आत्या, ह्ये काय केलं? तुमी मेल्या म्हनून पुन्याला कळवलं की."

"मिसरी घ्यायला कागद फाडला आसंल," म्हातारी म्हणाली. "डबीत बोट जात न्हाई आता."

मच्छिंद्रभाऊंनी विचारलं, एवढं ऑपरेशन झालं, तरी मिसरी चालूच का.

"लावू नगं म्हननारा डाक्टर मागल्या साली वारला. त्याचं ऐकून मी काय करू?"

सून म्हणाली, "आमचं कुनी ऐकत न्हाई. पोस्टानं बी मारलं, तरी उठून मिसरीच लावत्यात."

आम्हाला त्यांनी चहा केला. एस.टी.मध्ये मच्छिंद्रभाऊ खिडकीशी बसले होते. कोपरगाव-नगर गाडीचा खडखडाट फार होता, त्यामुळे ते जरा मोठ्याने बोलले. "हिच्या गाठीचा रंग माझ्या डोळ्यापुढं हाय, ताई. एकशे अठरात सगळ्यात गडद. सात वर्षं झाली."

रश्मीने मांडीवरची वही उघडली. आता हिशेब पूर्ण होता. एकतीसपैकी सत्तावीस माणसं खरोखर गेलेली होती. चार जिवंत, तिघांचे कोपरे कशाने फाटले ते कळलं नाही. उत्तर आलेल्यांत गडद रंगाची छत्तीस माणसं होती, त्यांतली चोवीस गेली होती. फिक्या रंगाची अठ्ठावन्न, त्यांतली बारा. फरक नाही असं तिने ज्याला म्हटलं होतं, तो फरक एवढा होता.

"काका, बारा जण आहेत," ती म्हणाली. "छत्तीसपैकी बारा."

"ते कळतं मला. त्या बारात कोण, ते तुमचं यंत्र सांगत न्हाई ना?"

"नाही."

"मग ठीक हाय," ते म्हणाले.

रश्मीचे आठ महिने गेले. मला त्याची काळजी होती, लग्नाचीही होती. तिला दोन्हींची नव्हती. अक्षराचा हिशेब नव्याने मांडला तेव्हा ज्यांची गाठ गडद आणि दोन्ही अक्षरं दुसरी, अशांची कार्डं जास्त फाटलेली निघाली. पण ती माणसं मोजून नऊ होती, आणि नऊ माणसांवरून असं काही म्हणू नये असं सर म्हणाले, म्हणून तिने तसं लिहिलं. बनाबाईंचं अक्षर कोणतं हे मच्छिंद्रभाऊंनी कधी विचारलं नाही. मला मात्र एक गोष्ट विचारायची होती. तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त लागतं, आणि त्यांत रश्मीने स्वतःचंही दिलं होतं. तुझं कोणतं आलं, मी विचारलं. त्याने निरोगी माणसाला काही होत नाही, असं ती म्हणाली. मी म्हटलं, होत नसेल तर सांग. तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या वर्षीची कार्डं छापायची वेळ आली तेव्हा चौथा चौकोन घालावा की नाही यावर संस्थेत आठवडाभर चर्चा झाली. शेवटी रश्मीने मच्छिंद्रभाऊंना पत्र लिहून विचारलं. त्यांचं उत्तर पोस्टकार्डावर आलं, आणि त्यातली दोन वाक्यं जशीच्या तशी छापली गेली. तीन चौकोनांच्या खाली, बारीक अक्षरात: "कळवणं जड जात असेल तर कार्डाचा एक कोपरा फाडून पाठवा. आम्हाला समजेल."

१९९८ मध्ये गेलेल्यांची घरं वगळून ब्याऐंशी कार्डं पाठवली, त्यांतली सत्त्याहत्तर परत आली. आदल्या वर्षी ज्यांनी उत्तरच दिलं नव्हतं त्यांतल्या बऱ्याच घरांनीही पाठवलं. बनाबाईंच्या कार्डावर पहिल्या चौकोनात खूण होती, जाड, दोनदा गिरवलेली. ती त्यांनी स्वतः केली होती. रंगुबाईंच्या कार्डाला दोन्ही वरचे कोपरे नव्हते आणि खाली सुनेने लिहिलं होतं: जिवंत आहेत, मिसरी.

१९९९ च्या ऑगस्टमध्ये रश्मी चार दिवस घरी आली. प्रबंध लिहून होत आला होता. नवी कार्डं तिने व्हरांड्यात सतरंजीवर ओतली. आधी नंबर लावायचे सोडून ती एकच कार्ड शोधत होती हे मला आतून दिसत होतं. सापडलं तेव्हा तिने ते आधी चारही बाजूंनी फिरवून पाहिलं. कोपरे शाबूत होते. खूण तिसऱ्या चौकोनात होती: पुन्हा गाठ आली आहे. खाली शिसपेन्सिलीने, ब्लॉकवर नंबर घालतात त्या अक्षरात लिहिलं होतं:

"डावा गाल, जुन्या जागेच्या मागे. ऑपरेशन झालं. खाते-पिते आहे. नवा ब्लॉक ३४०/९९. मीच कापला. रंगवण्यासाठी चार काप वेगळे पाठवत आहे, जुन्याशी ताडून बघावेत."

रश्मीने कार्ड बाजूला ठेवलं नाही. तक्ता उघडला, २१२/९३ ची ओळ काढली, पुनरुद्भवाच्या रकान्यात तारीख घातली. शेवटच्या रकान्यात लिहिलं, हयात. मग पुढचं कार्ड उचललं.